कालच्याबद्दल आभार

आमच्या नानांना बोलता येतं, पण त्यांनी बोलायचं नसतं. गावचा राजा उठून स्वतःच बोलायला लागला तर त्याच्यात आणि ट्रोट्रो गाडीच्या कंडक्टरमध्ये फरक काय राहिला? म्हणून नाना माझ्या कानात पुटपुटतात आणि मी ते गावाला सांगतो. या कामाला ओक्यामे म्हणतात. माझ्या आधी ते माझ्या मामांकडे होतं, आता माझ्याकडे आलंय, आणि सोबत सोनेरी मुलाम्याची काठीही आली आहे. राजा होण्याआधी नानांनी अर्धं आयुष्य हॅम्बुर्गमध्ये टॅक्सी चालवली, त्यामुळे त्यांचं बोलणं सिग्नल सुटायच्या आत संपतं. "त्यांना सांग, रस्ता नीट करा," एवढंच ते म्हणतात. मी उठतो, काठी टेकवतो आणि आमची नदी, आमचे पूर्वज, रस्त्यातला पहिला खड्डा कुणाच्या कारकिर्दीत पडला, इथपासून सुरुवात करतो. नाना डोळे मिटून ऐकतात. शेवटी मान डोलावतात, म्हणजे त्यांना हेच म्हणायचं होतं.

हे एवढ्यासाठी सांगितलं की थोडक्यात बोलणाऱ्या माणसांशी माझं जमत नाही. आणि अजेनिम हा आमच्या असुओजा गावात जन्मलेला सगळ्यात थोडक्यात बोलणारा माणूस.

अजेनिमने राजधानीत, अक्राला जाऊन काय केलं, ते सांगतो. आमच्याकडे मयत म्हणजे शनिवार गेला. काळी-लाल कापडं नेसा, गाडीत कोंबून घ्या, मंडपात बसा, दान द्या, कुणी काय दिलं त्याचा कर्ण्यावरून पुकारा ऐका, आणि मग मयताच्या घरच्यांनी दारोदार फिरून आभार मानायचे. अजेनिमने यातलं सगळं मोबाइलमध्ये घातलं. लंडनला बसून अंगठा दाबा, दान पोचतं. पोचल्या पोचल्या उलट निरोप येतो, 'आमच्या दुःखात सहभागी झाल्याबद्दल आभार', खाली जोडलेले हात आणि एक पांढरं कबूतर. लोकांनी त्याला तोंडभर शिव्या दिल्या आणि मुकाट्याने अंगठा दाबायला लागले. पुढे परदेशातल्या कुणीतरी त्याची ती कंपनीच विकत घेतली. त्याच्याकडे त्यातून किती पैसे आले, तो आकडा गावात कुणालाच नीट म्हणता येत नाही, म्हणून आम्ही आभाळाकडे बोट दाखवतो.

एवढे आल्यावर माणूस दुसरी बायको करतो, नाहीतर निवडणुकीला उभा राहतो. हा दान करायला लागला. त्यासाठी त्याने ऑफिस थाटलं आणि दान कसं करावं ते शिकून आलेली पोरं पगारावर ठेवली. कुठे शाळेला संडास, कुठे विहीर. आमच्या गावाला त्याने बाळंतपणाचा दवाखाना दिला. फिकट निळा रंग, खाटा, गाद्या, छपरावर उन्हावर चालणारे दिवे. नर्सची सोय सरकारशी बोलून आधीच केलेली. फक्त एक पाटी नव्हती. बांधणाऱ्याचं नाव कुठेच नाही! गावाला हे मुळीच आवडलं नाही. उद्या छप्पर गळलं तर शिव्या कुणाच्या नावाने द्यायच्या?

दवाखाना सोपवायला अजेनिम स्वतः आला नाही. त्याच्या ऑफिसातली एक चटपटीत पोरगी आली. तिने फीत कापून घेतली, किल्ली नानांच्या हातात दिली आणि मला म्हणाली, "काका, बोलायचं असेल तर पटकन बोला हं, मला आणखी एका गावाला जायचंय."

मला! पटकन! मी त्या दिवशी रागाने जेवलो नाही. म्हणजे संध्याकाळी जेवलो.

पण माझा राग बाजूला ठेवा. मला तो दवाखाना हवा होता, आणि इतर कुणाहीपेक्षा जास्त हवा होता. माझी मुलगी पोकुआ पोटुशी होती. तिच्या पहिल्या वेळी जिल्ह्याच्या इस्पितळात न्यायला जी गाडी मिळाली ती बाजाराला चाललेली टोमॅटोची होती. गाडी मोठ्या चढावर बंद पडली आणि माझा नातू तिथेच, पेट्यांच्या मधोमध, या जगात आला. पोकुआचं रक्त कुठलं आणि टोमॅटोचा रस कुठला ते मला कळेना. काठी हातात घेऊन मी रस्त्यावर उभा होतो आणि तोंडातून एक शब्द फुटत नव्हता. पोरगी वाचली, पोर वाचलं. गाव आता त्याला लाडाने 'टोमॅटो' म्हणतं. मी हसतो, पण तो चढ आला की अजूनही मी डोळे मिटून घेतो. या वेळी माझ्या मुलीला खाट मिळाली पाहिजे, बस्स.

आता घोळ कुठे झाला ते ऐका. आमच्यात कुणी काही दिलं की त्याच दिवशी मानलेले आभार तोंडदेखले समजतात. रात्रभर झोपून उठल्यावरही आठवण राहिली तर ते खरे. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे देणाऱ्याच्या दारात जायचं आणि म्हणायचं, "कालच्याबद्दल आभार." त्याने म्हणायचं, "ऐकलं." त्याने 'ऐकलं' म्हटलं की वस्तू आपली. तोवर ती त्याचीच, आपण नुसते राखणदार.

म्हणून फीत कापली त्याच रात्री दोन ट्रोट्रो भरून आम्ही अक्राला निघालो. नाना, त्यांची मोठी छत्री, छत्री धरणारा, ढोल, सुरणाचे ढीग, अंडी, श्नॅप्स दारूची बाटली आणि एक धष्टपुष्ट मेंढा. उजाडता उजाडता अजेनिमच्या वसाहतीच्या फाटकाशी पोचलो. फाटक आमच्या चर्चपेक्षा उंच. बाजूच्या खोक्यात चौकीदार.

"अपॉइंटमेंट आहे?" त्याने विचारलं.

"आभार मानायला अपॉइंटमेंट?"

"मग कोड सांगा."

"कसला कोड?"

"साहेबांनी मोबाइलवर पाठवलेला असतो."

मी काठी टेकवली. "बाळा, त्या छत्रीखाली बसलेत ते असुओजाचे राजे. त्यांच्या आधी त्यांचे मामा, त्यांच्या आधी त्या मामांचे मामा, ज्यांनी..."

मी नानांच्या खापर-खापर मामांपर्यंत पोचलो तेव्हा मला गप्प करण्यासाठी म्हणून चौकीदाराने घंटी दाबली. भिंतीवरच्या डबीतून आवाज आला, "कोण?"

"अजेनिम, मी ओक्यामे तावियाह. नाना आलेत, गाव आलंय. कालच्याबद्दल..."

"ओक्यामे, थांबा! पुढचं बोलू नका."

"अरे, पण तेच तर बोलायला आलोय!"

"आभार नकोत मला. तुम्ही इतक्या लांब यायला नको होतं. परत जा, पेट्रोलचे पैसे ऑफिस देईल."

नाना माझ्या कानात पुटपुटले, "त्याला म्हण, फाटक उघड."

मी डबीकडे तोंड केलं. "नाना म्हणतात, नदी जशी काठाला विचारत नाही की..."

"ओक्यामे," डबीतला आवाज एकदम खाली आला. "माझी आई मामाच्या दारात किती पहाटे उभी राहिली, तुम्हाला माहीत आहे. तुमचं घर समोरच होतं. मी तेव्हाच ठरवलं होतं, मोठा झालो की माझ्या दारात असं कुणालाही उभं करणार नाही. कुणालाही. समजून घ्या."

डबी खट्ट करून बंद झाली.

मला माहीत होतं. कसं विसरेन? अजेनिमची आई अफ्राकोमा गाडीतळावर केळी भाजून विकायची. पोराची फी तिचा भाऊ अन्साह भरायचा. आमच्यात मामानेच भरायची असते, त्यात त्याने काही आभाळ फाडलं नव्हतं. पण फी भरली की दुसऱ्या दिवशी पहाटे ती पोराला धुऊन-पुसून घेऊन त्याच्या दारात. अन्साह दातवण चावत आतच फिरायचा. दवाने तिच्या अंगावरचं कापड भिजायचं. मग तो बाहेर येऊन ऐटीत बसायचा. ती म्हणायची, "दादा, कालच्याबद्दल आभार." आणि तो कानाला हात लावायचा. "ऐकू आलं नाही. पुन्हा म्हण. जरा मोठ्याने." ती पुन्हा म्हणायची. कधीकधी तिसऱ्यांदाही. पोरगं जमिनीकडे बघत उभं असायचं. मला तेव्हा अन्साहचं ते दातवण त्याच्या घशात कोंबावंसं वाटायचं.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. अजेनिमच्या ऑफिसचा निरोप: 'आभार मानण्यासाठी इथे दाबा.' खाली जोडलेले हात, पांढरं कबूतर. मी तो नानांना दाखवला. नानांनी स्वतःच्या तोंडाने, सगळ्यांना ऐकू जाईल असा एक जर्मन शब्द उच्चारला. तो मी गावाला सांगितला नाही.

याच वेळी आतून कुणाची तरी गाडी बाहेर पडली, फाटक उघडलं आणि दोरी हिसकावून आमचा मेंढा सुसाट आत घुसला. अजेनिमच्या बागेतली फुलं त्याने मनसोक्त खाल्ली. चौकीदाराने त्याला शिंगांना धरून ओढत परत आणून दिलं. एवढ्या गावातून आत जाऊन आलेला तेवढा एकच.

आम्ही सुरण, अंडी आणि आभार, सगळं जसंच्या तसं घेऊन परतलो.

गावात आल्यावर बैठक बसली. आभार ऐकले गेले नाहीत म्हणजे दवाखाना अजून आपला नाही. दुसऱ्याच्या खाटेवर चोरून बाळंत होणारं असुओजा हे गाव आहे काय? ज्येष्ठांनी एकमुखाने सांगितलं की नाही. किल्ली नानांच्या आसनाखालच्या पेटीत गेली.

नाना माझ्या कानात म्हणाले, "तावियाह, उघडून टाकू या का?"

खरं सांगतो, 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण सगळे ज्येष्ठ माझ्याकडे बघत होते. पहाटेच्या आभारांवर आजवर सगळ्यात लांब भाषणं कुणी ठोकली असतील तर मीच. मी म्हणालो, "नाना म्हणतात, थोडा धीर धरू या." नानांनी माझ्याकडे असं बघितलं की टॅक्सी असती तर त्यांनी मला तिथेच उतरवलं असतं.

नर्स एन्योनाम व्होल्टा नदीच्या पलीकडची, आमच्या रीतींशी तिला देणंघेणं नाही. ती माझ्या अंगणात येऊन कडाडली, "तुम्ही सगळे शुद्धीवर आहात ना? आत गाद्यांचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही, आणि मी बायकांना माझ्या खोलीत चटईवर तपासतेय! ओक्यामे, तुमच्या मुलीचे दिवस भरलेत. कळतंय का?"

"कळतंय, बाई. पण रीत..."

दारात पोकुआ पोटावर हात ठेवून उभी होती. "बाबा, मी परत टोमॅटोत जाणार नाही," ती म्हणाली. "सांगून ठेवते. वेळ आली की तुमच्या त्या काठीलाच सांगा माझं बाळंतपण करायला."

आणि अशा वेळी अन्साह पुढे आला.

"एवढं काय अडलंय?" तो बैठकीत म्हणाला. म्हातारा झाला तरी दात शाबूत आणि तोरा त्याहून शाबूत. "कुटुंबाचा प्रमुख मी आहे. भाच्याने दिलं म्हणजे कुटुंबाने दिलं. माझ्या दारात या, माझे आभार माना, मी 'ऐकलं' म्हणतो. झालं!"

रीतीत ते बसत होतं, हीच तर पंचाईत. त्याने म्हणे खुर्चीला आधीच रंग लावून घेतला होता. अन्साहसमोर उभं राहून, त्याने न दिलेल्या दवाखान्याबद्दल, माझ्या या तोंडाने! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण डोळ्यांसमोर तो चढ आला आणि टोमॅटोच्या पेट्या आल्या. मी होकार दिला. दुसऱ्याच दिवशीची पहाट ठरली.

तरी राहवेना. निदान अजेनिमच्या कानावर घालावं म्हणून मी फोन लावला.

"हॅलो," फोनवर बाईचा आवाज. "तो अंघोळीला गेलाय. कोण बोलतंय?"

"अफ्राकोमा? अगं, मी तावियाह!"

"तावियाह! जिवंत आहेस होय? दवाखाना दिला पोराने आणि गावातून साधं एक माणूस फिरकलं नाही. मी इथं रोज पहाटे उठून, चांगलं कापड नेसून बसत होते. आता तर बसायचंही सोडलं."

माझी काठी हातातून पडायची राहिली. "अगं, आलो होतो ना! अख्खं गाव आलं होतं. फाटकापाशी..."

"कधी?"

मी सांगितलं.

"तावियाह," तिने विचारलं, "तुमच्यासोबत मेंढा होता? तपकिरी?"

"होता."

"मी खिडकीतून बघितला त्याला. मला वाटलं, शेजाऱ्यांकडे लग्न आहे."

मग मी अन्साहचं सांगितलं. खुर्चीला रंग दिल्याचंही सांगितलं. ते सांगायची काही गरज नव्हती, पण मी सांगितलं.

"वाळलाय का रंग?" तिने विचारलं.

"वाळला असेल."

"बरं झालं," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे अन्साहच्या दारासमोर गाव जमलं. छत्री, ढोल, सुरण, तोच मेंढा. अन्साह नव्या कापडात आतल्या खोलीत येरझारा घालत होता, दातवण चावत होता आणि मधूनमधून खिडकीतून आम्ही किती जण आहोत ते बघत होता. दव पडत होतं. नानांच्या कमरेला किल्ली होती. मागे एन्योनाम हाताची घडी घालून उभी, आणि तिच्या शेजारी माझी पोकुआ. पहाटेपासून तिच्या कमरेत बारीक कळा येत होत्या, पण ती मला ते सांगत नव्हती.

अन्साह बाहेर आला, खुर्चीत टेकला आणि कान पुढे केला. मी काठी उचलली. तेवढ्यात गाडीचे दिवे आमच्या अंगावर पडले.

अफ्राकोमा उतरली. गाडीतळावरची तीच बाई, फक्त केस पांढरे झालेले. तिच्या मागून अजेनिम उतरला. रात्रभर गाडी चालवून त्याचे डोळे लाल झाले होते.

"आई, ऐक ना," तो हळूच म्हणत होता. "आपण कुणाला आपल्यासमोर वाकायला लावायचं नाही, असं आपलं ठरलं होतं ना..."

"आपलं? ते तू ठरवलंस." ती सगळ्यांसमोर त्याच्याकडे वळली. "तुला वाटलं, आईला फार सोसावं लागलं, आता आभार ही भानगडच नको. आणि मला विचारलंस? इतकी वर्षं मी दुसऱ्याच्या दारात उभी राहिले. माझ्याही दारात कधीतरी कुणीतरी येईल, एवढ्या आशेवर उभी राहिले. ते आले, तर तू फाटक लावून घेतलंस! मेंढा तेवढा आत येऊ दिलास!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. परदेशी लोकांना कंपनी विकणारा अजेनिम पुन्हा जमिनीकडे बघायला लागला.

अन्साह खुर्चीतून म्हणाला, "अफ्राकोमा, ये, बस माझ्या शेजारी. कुटुंबाचे आभार आपण मिळून..."

"तुझ्या दारात नाही, दादा." तिने पलीकडे बोट केलं. तिची जुनी खोली तिथंच होती, बंद पडलेली. "माझ्या दारात. आणि ती खुर्ची आण. रंग छान दिलायस."

सगळ्या गावाने नानांकडे बघितलं. नाना माझ्या कानात पुटपुटले, "यू टर्न." मी ते गावाला पूर्वजांसकट समजावून सांगितलं. छत्री वळली, ढोल वळला, मेंढा वळला. आणि सगळ्यांच्या पुढे, नव्या कापडाचा घोळ सावरत, अन्साह स्वतः खुर्ची उचलून बहिणीच्या दाराकडे निघाला. उपाय काय होता? एवढ्या लोकांसमोर 'नाही' म्हणणार तरी कसा?

अफ्राकोमा आपल्या उंबऱ्यापाशी त्या खुर्चीत बसली. मी समोर उभा राहिलो. ही भाषणाची संधी माझ्या मामांनाही कधी मिळाली नव्हती. मी श्वास घेतला.

"असुओजाच्या नदीने जेव्हा पहिल्यांदा..."

"आई गं!" मागून पोकुआ ओरडली. एन्योनामने तिला धरलं. "ओक्यामे, किल्ली! आत्ता!"

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डोक्यातले सगळे पूर्वज पळून गेले. मी अफ्राकोमाकडे बघितलं आणि म्हणालो, "कालच्याबद्दल आभार!"

एवढंच. चौकीदाराला सांगितलं असतं तर त्यालाही खरं वाटलं नसतं.

"ऐकलं!" अफ्राकोमा त्याच दमात म्हणाली. "ऐकलं, ऐकलं! पोरीला आत न्या!"

नानांनी कमरेची किल्ली स्वतःच्या हाताने काढून एन्योनामकडे फेकली. राजाने काही फेकायचं नसतं, पण नेम उत्तम होता. बायका पोकुआला घेऊन निळ्या दाराकडे धावल्या. मीही धावणार होतो, पण अफ्राकोमाने मला हाक मारली.

"तावियाह! तू कुठं निघालास? तिथं तुझं काय काम? उभा राहा. आता पुरतं सांग. पहिल्यापासून. आणि काही गाळू नकोस."

म्हणून मी सांगितलं. एक कान दवाखान्याकडे लावून मी नदीपासून सुरुवात केली. दवात भिजलेल्या कापडाचं सांगितलं, भाजलेल्या केळ्यांच्या धुराचं सांगितलं, जमिनीकडे बघत उभ्या राहणाऱ्या पोराचं सांगितलं. अफ्राकोमा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. मी पूर्वजांपैकी कुणाला विसरलो तर मला अडवून आठवण करून देत होती. अजेनिम गाडीला टेकून उभा होता. आता तो जमिनीकडे बघत नव्हता, आईकडे बघत होता.

मग आभार मानायची घरच्यांची पाळी आली. अन्साह पुढे झाला, घसा खाकरला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "अफ्राकोमा, कालच्याबद्दल आभार."

अफ्राकोमाने सावकाश कानाला हात लावला.

"ऐकू आलं नाही, दादा. पुन्हा म्हण. जरा मोठ्याने."

असं हसू उठलं की मेंढा बुजला. नाना छत्रीआड तोंड लपवून गदगदा हसत होते. अन्साहचे कान लाल झाले, पण तोही शेवटी हसला. मग छाती भरून ओरडला, "कालच्याबद्दल आभार!"

"ऐकलं," अफ्राकोमा म्हणाली. आणि मग, जरा थांबून, "तू फी भरलीस म्हणून हा शिकला, दादा. ते आपण इतक्यांदा बोललोय की मी विसरणं शक्य नाही."

तेवढ्यात निळ्या दारातून बाळाचं रडणं ऐकू आलं. ढोलवाल्याने कुणाला न विचारता ढोल पिटला. मुलगी झाली होती. माझी पोकुआ स्वच्छ चादरीवर निजली होती. एन्योनामने गादीचं प्लास्टिक काढायलाही वेळ घेतला नव्हता, त्यामुळे पोकुआ जरा हलली की गादी कुरकुरत होती. मी खाटेशी उभा राहिलो. या वेळीही बोलता आलं नाही, पण या वेळी कारण वेगळं होतं.

"बाबा, तुम्ही एवढं थोडक्यात बोलू शकता, हे मला माहीतच नव्हतं," ती म्हणाली.

"मलाही नव्हतं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या दारावर थाप पडली. मी दातवण तोंडात धरूनच दार उघडलं. बाहेर अजेनिम. अनवाणी, हातात अंड्यांची टोपली. रात्री तो आईच्या त्या जुन्या खोलीतच झोपला असावा, कपड्यांवर चुन्याचे डाग होते. सोबत गाडी नाही, ऑफिसातली पोरगी नाही.

"ओक्यामे," तो म्हणाला.

"बोल, बाळा."

"कालच्या..."

पुढचं येईना. त्याने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडकला. आभाराची अख्खी कंपनी काढणारा माणूस, त्याला ते वाक्य तोंडाने म्हणायची सवयच नव्हती. त्याने माझ्याकडे बघितलं, जणू विचारत होता की आता काय करायचं.

आता दुसऱ्याच्या वतीने बोलणं हाच माझा धंदा. मी आत गेलो, दातवण टाकलं, चूळ भरली, काठी घेतली आणि बाहेर येऊन त्याच्या शेजारी उभा राहिलो. माझ्याच रिकाम्या दाराकडे तोंड करून मी अजेनिमच्या वतीने माझे स्वतःचे आभार मानले. नदीपासून सुरुवात केली. खिडकीत चांगलं कापड नेसून रोज वाट बघत बसलेल्या त्याच्या आईपाशी आलो तेव्हा त्याने टोपली खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी थांबलो नाही, थोडक्यातही आवरलं नाही. आतून बायको ओरडत होती की लापशी निवतेय.

सगळं संपल्यावर मी काठी त्याच्या हातात दिली, वळसा घालून माझ्या उंबऱ्यावर जाऊन बसलो आणि म्हणालो, "ऐकलं."